दिव्याची लपलेली लुकलुक मोजताना

दिवा डोळ्यांना न कळता किती टक्के लुकलुकतो, ते घरी मोजता येतं. पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड मागा; हा प्रकाशाच्या प्रमाणात वीज वाहू देणारा छोटा भाग. ९ व्होल्टची बॅटरी, १० किलोओहमचा रोधक आणि ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लहर काढून दाखवणारं यंत्र), बस. डायोडच्या दोन टोकांपैकी कॅथोड बॅटरीच्या धन टोकाला, ॲनोड रोधकाला, रोधकाचं दुसरं टोक ऋणाला. स्कोप रोधकाच्या दोन टोकांवर. डायोड उलटा लागला, तर दिवा असो-नसो, साधारण ८.४ व्होल्टवर सपाट रेघ दिसते.

स्कोप डीसी कपलिंगवरच हवा, म्हणजे स्थिर आणि बदलता असे दोन्ही भाग दाखवणाऱ्या सेटिंगवर. एसीवर ठेवला की फक्त बदलता भाग उरतो, सरासरी प्रकाश गळून जातो, मग लुकलुकीची टक्केवारी काढणार कशाची? लॅपटॉपच्या माइक सॉकेटची अडचण हीच: वारंवारता कळते, टक्केवारी नाही.

आधी डायोड काळ्या कापडाने झाकून शून्य पाहा. मग कमाल ०.६० आणि किमान ०.४० व्होल्ट आले, तर फरक ०.२० भागिले बेरीज १.००, म्हणजे लुकलुक २० टक्के. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, पण प्रत्येक आवर्तनात दोन शिखरं येतात. म्हणून लहर १०० हर्ट्झची, १० मिलिसेकंदांची. पिवळ्या बल्बची तार तेवढ्यात थंड होत नाही, त्यामुळे दरी उथळ.

पडदे मात्र लावाच. खिडकीतलं ऊन बेरीज फुगवतं आणि वाईट दिवाही साळसूद दिसतो. शिखरं ९ व्होल्टजवळ कापली गेली, तर डायोड लांब न्या.