'तृप्त' हा शब्द कधी अन् कसा वापरायचा

जेवून उठलं की आपण सगळे "पोट भरलं" म्हणतो, अन् ते काही चुकीचं नाही, पण पोट तर घाईघाईत दोन पोळ्या खाऊनही भरते. पोटासोबत मनही भरलं, समोर अजून काही आणून ठेवलं तरी हात पुढे जात नाही, तेव्हा म्हणायचं तृप्त झालो.

आपल्या नागपुरात हा शब्द वडाभातावर फार शोभतो. गरम भात, त्यावर डाळीचा वडा कुस्करलेला, वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल, सोबत ताकाची कढी. असं जेवण झाल्यावर कोणी पुन्हा वाढायला आलं तर "बस झालं जी मावशी, एकदम तृप्त झालो" म्हणा. नुसतं "पोट भरलं" म्हटलं तर आग्रह थांबत नाही अन् अजून एक वडा पानात पडतेच, तृप्त म्हटलं की वाढणाऱ्याला केल्याकष्टाची पोच मिळते.

शब्द कुठंच बदलत नाही, तो तृप्त, ती तृप्त, पाहुणे तृप्त. नाम तृप्ती, 'तृप्तता' लिहायची गरज नाही, 'तृप्तीचा ढेकर' तर सगळ्यांच्या तोंडी आहेच. जेवणाबाहेरही चालते, गाणं ऐकून कान तृप्त होतात, नातवाला पाहून आजीचे डोळे. पितृपक्षातलं तर्पणही याच धातूपासून आलं. 'अतृप्त' मात्र जेवणासाठी नका वापरू, लोकांना लगेच भटकणारा आत्माच आठवते, तिथे "मन नाही भरलं" म्हणा.

अंगापिंडासाठी हा शब्द नाही. बाळ गुटगुटीत, पोळ्याला सजवलेला बैल धष्टपुष्ट, घरचं बरं असलेला माणूस खात्यापित्या घरचा. 'खाऊन माजला' ही सरळ शिवी आहे, ती कौतुकात येऊच देऊ नका.

अन् लिहिताना त ला ऋकार द्या. मराठीत आपण त्रु म्हणतो म्हणून लोक 'त्रुप्त' टाइप करतात, हिंदीत रि म्हणतात म्हणून इकडे 'त्रिप्ती' पण कानावर येते, देवनागरीत दोन्ही चूक, तृप्तीच लिहायचं. मुलांनी एक लक्षात ठेवा, हिंदीच्या विज्ञानात ज्याला संतृप्त विलयन म्हणतात त्याला मराठीत संपृक्त द्रावण म्हणतात, तेव्हा मराठी पेपरात संपृक्तच लिहा.