हार्वेस्टरची फीडर चेन: आवाज आला की ताणायला धावू नका, या चुका टाळा

ऑक्टोबरात सोयाबीन वाळलं की विदर्भ-मराठवाड्यात हार्वेस्टरला उसंत नसते. दोन पावसांमधली उघडीप साधायची, शेंगा तडकायच्या आत माल काढायचा, आणि पुढचा शेतकरी बांधावर वाट बघत उभा. अशा घाईत फीडरमधून खडखडाट सुरू झाला की ऑपरेटरचा हात सवयीने पान्याकडे जातो. दोन्ही बाजूंचे नट आवळायचे, चेन ताणायची आणि चालू पडायचं. आवाज तासाभरापुरता बंदही होतो. पण फीडर चेनचं जेवढं नुकसान या आंधळ्या ताणण्याने होतं, तेवढं पिकाने होत नाही, असं माझं ठाम मत आहे. चेन ढिली का झाली, हे न बघता ताणली की मूळ दोष तसाच राहतो आणि बेरिंग, स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक), शाफ्ट असे नवे दोष मागे लागतात.

आधी फीडर चालतो कसा ते बघू. हेडरच्या, म्हणजे गाडीच्या पुढच्या कापणीच्या भागाच्या, कटर बारने कापलेलं पीक ऑगर (आडवा फिरणारा मोठा स्क्रू) मध्यभागी गोळा करतो आणि तिथून मळणीच्या ड्रमपर्यंत ते फीडर पोचवतो. समांतर चालणाऱ्या दोन-तीन चेन आणि त्यांना बोल्टने आवळलेल्या आडव्या लोखंडी पट्ट्या, एवढाच मामला. माल चेनच्या वरून जात नाही, खालून जातो. पट्ट्या पिकाला तळाच्या पत्र्यावरून ओढत वर नेतात. मागचा वरचा शाफ्ट चेन ओढतो, आणि ऑगरकडचा पुढचा ड्रम तरंगता असतो. माल जास्त आला की तो उचलला जातो, कमी झाला की खाली बसतो. चेन गरजेपेक्षा जास्त ताणली की या ड्रमचं उचलणं अवघड होतं. जाड थर आला की त्याला वाट मिळत नाही, ऑगरच्या मागे ढीग साचतो आणि मग एकदम लोंढा आत शिरतो.

म्हणून पाना हातात घेण्याआधी आवाज नीट ऐका. पत्र्यावर लोखंड घासल्यासारखी सलग खरखर येत असेल तर चेन खरंच ढिली आहे आणि पट्ट्या तळाला घासत आहेत. ठराविक अंतराने एकच ठोका पडत असेल तर ताणाचा काही संबंध नाही. एखादी पट्टी वाकली आहे, बोल्ट ढिला आहे किंवा एखादी कडी गंजून आखडली आहे. चेनचा एक फेरा पूर्ण होतो तेव्हा तीच जागा पुन्हा समोर येते आणि ठोका पडतो. कट-कट असा आवाज फक्त जोर आल्यावरच येत असेल तर चेन दाता सोडते आहे, नाहीतर स्लिप क्लच (जास्त भार आला की घसरून चेन वाचवणारा क्लच) घसरतो आहे. आणि फीडर गप्प, पण मळणी ड्रममधून थांबून-थांबून गुरगुर येते, तर चेनला हात लावू नका. माल एकसारखा आत जात नाही, हे त्याचं लक्षण. ऑगर आणि फीडरमधलं अंतर, ऑगरच्या बोटांची जागा आणि गाडीचा वेग तपासा.

ताण बघायची रीत यंत्रागणिक वेगळी असते. बऱ्याच गाड्यांवर तो स्प्रिंगच्या दाबलेल्या लांबीवरून धरतात आणि शेजारी खुणेची पट्टी दिलेली असते. ती चिखलाने झाकलेली असते, म्हणून कोणी बघत नाही. पुसून बघा. काही गाड्यांवर वरचं झाकण उघडून मधली पट्टी तळापासून किती उंच आहे ते पाहतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तोच पाळायचा. दुसऱ्या कंपनीच्या गाडीवर जमलेला अंदाज इथे लावू नका.

दोन्ही बाजूंना सारखं अंतर ठेवणं तर त्याहून महत्त्वाचं. डावीकडचा नट चार वेढे फिरवला आणि उजवीकडचा जोर लागला म्हणून दोनवर सोडला, की पुढचा ड्रम तिरका होतो. मग पट्ट्या तिरप्या चालतात, एका बाजूच्या चेनवर सगळा भार येतो आणि तीच तुटते. वेढे मोजण्यापेक्षा शाफ्टपासून ठराविक जागेपर्यंतचं अंतर दोन्हीकडे टेपने मोजा. अंतर सारखं असूनही पट्ट्या तिरप्या दिसत असतील तर एका बाजूने चेनने दाता सोडला आहे. अशा वेळी ताणून पट्टी सरळ होत नाही. चेन ढिली करायची, चेनची टोकं जोडणारं लॉक काढायचं आणि दोन्हीकडचे दाते जुळवून पुन्हा बसवायचं. याला दुसरा उपाय नाही.

चेन लांबली की एक कडी काढून आखूड करायची, हा गावोगावचा जुगाड. त्यात चूक अशी की चेनची एकूण लांबी कमी होते, पण प्रत्येक पिन आणि बुश (पिनवरची नळी) यांमधली झीज तशीच राहते. वाढलेल्या पिचची (पिच म्हणजे एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर) चेन दात्यात नीट बसत नाही, ती दात्याच्या टोकावर चढते. झीज मोजायला सोपं आहे. चेन ताणून धरा आणि २० पिचचं अंतर पिनपासून पिनपर्यंत मोजा. समजा चेनचं पिच ४१.४ मिमी आहे, तर नवीन चेनवर हे अंतर ८२८ मिमी भरतं. ते ८५३ च्या आसपास गेलं म्हणजे चेन ३ टक्के लांबली. रोलर चेनसाठी साधारणपणे हीच बदलण्याची हद्द धरतात, आणि पुस्तिकेत याहून कमी सांगितलं असेल तर तेच पाळायचं.

बदलायची वेळ आली की सगळ्या चेन एकदम बदला. पैसे वाचवायला फक्त तुटलेली बदलली तर नवी आखूड आणि जुनी लांब, मग पट्ट्या पहिल्या दिवसापासूनच तिरप्या. स्प्रॉकेटचे दाते आकड्यासारखे वळले असतील तर तेही काढा. जुन्या दात्यांवर नवी चेन एक हंगामही धड काढत नाही. पट्टीचे बोल्ट बाजारात मिळेल ते लावू नका. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा मजबुतीचा आकडा कोरलेला असतो, जुन्यावर असेल तोच घ्या. एक बोल्ट तुटला की पट्टी लोंबकळते, आणि लोंबकळलेली पट्टी सुटून सरळ मळणी ड्रममध्ये जाते. तिथे रास्प बार (ड्रमवरच्या मळणीच्या पट्ट्या) आणि कॉन्केव्हची (ड्रमखालची जाळी) जी वाट लागते, त्यापुढे चेनचा खर्च काहीच नाही. म्हणून रोज सकाळी झाकण उघडून चेन हाताने एक फेरा फिरवायची आणि प्रत्येक पट्टी हलवून बघायची.

आता केना हे तण. सोयाबीन वाळून खडखडीत झालं तरी शेतातला केना हिरवाच असतो. त्याच्या लांब, चिवट वेली पुढच्या ड्रमच्या टोकांना वळसे घालत जातात. वरून काही दिसत नाही. आत मात्र गुंडाळी घट्ट होत बेरिंगच्या सीलमध्ये शिरते, ग्रीस बाहेर पडतं आणि बेरिंग तापतं. कोरड्या भुश्याशेजारी तापलेलं बेरिंग म्हणजे आगीला निमंत्रण. तणाचं शेत असेल तर ऊन चढून दव उडेपर्यंत थांबा, आणि दर दोन-तीन तासांनी ड्रमची टोकं कोयत्याने साफ करा. शेतमालक घाई करेल, पण त्याला कारण सांगितलं तर तो ऐकतो.

हरभऱ्यात गोष्ट वेगळी. घाटे खाली असतात, म्हणून हेडर जमिनीला टेकवून चालवावं लागतं आणि त्याबरोबर माती, गोटे आत येतात. स्लिप क्लचची खरी परीक्षा इथे होते. क्लच वाजतो म्हणून त्याची स्प्रिंग पार दाबून टाकणारे खूप आहेत. क्लच घसरतो तो चेन वाचवण्यासाठी. तो जाम केला की गोटा अडकल्यावर तुटायला चेनच उरते. उलट, गाडी पावसाळाभर उभी राहिली तर क्लचच्या प्लेटा गंजून चिकटतात आणि गरज पडेल तेव्हा घसरतच नाहीत. हंगामाआधी स्प्रिंग सैल करून क्लच एकदा फिरवून मोकळा करा आणि मग स्प्रिंग मापात आवळा.

जळकं ऑईल ओतणं बंद करा. फीडर चेन धुळीत चालते. तिच्यावर ऑईल पडलं की धूळ चिकटते आणि ते मिश्रण पिना वाळूकागदासारखं घासत राहतं. पुस्तिकेने सांगितलं नसेल तर हंगामात ती कोरडीच ठेवा.

चोक, म्हणजे फीडरमध्ये अडकलेला माल, काढताना होणाऱ्या चुकीला मात्र माफी नाही. इंजिन चालू ठेवून, फक्त हेडरचा क्लच काढून फीडरच्या तोंडात हात घालू नका. इंजिन बंद, चावी आपल्या खिशात, हेडर वर असेल तर सिलेंडरला लॉक, आणि त्यानंतरच हात. हे करूनही सावध राहा, कारण अडकलेल्या मालामुळे चेन ताणात असते आणि शेवटचा गठ्ठा निघाला की ती झटका मारते. रिव्हर्सर (फीडर उलटा फिरवणारी सोय) असेल तर आधी तो वापरा. नसेल तर बाहेरून शाफ्टवर पाना लावून उलटं फिरवा. मदतीला आलेल्या पोरांना आधीच मागे उभं करा. बोटं तुटल्याच्या घटना या एवढ्याशा घाईतूनच घडतात.

नवी चेन बसवली किंवा जुनीचा ताण बदलला की आधी दहा मिनिटं गाडी रिकामी चालवा, हेडर खाली-वर करा आणि दोन्हीकडचं अंतर पुन्हा मोजा. नवी चेन पहिल्या दिवशी बसते आणि थोडी लांबते, म्हणून त्या दिवशी संध्याकाळी एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा ताण बघा. वरच्या शाफ्टची बेरिंग हाताने चाचपून बघा, पण तेव्हाही इंजिन बंदच हवं. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त गरम लागली तर त्या बाजूचा ताण जास्त असू शकतो.