घरून प्रोटोकॉल उघडताना पैसे मागितले जातात?

विद्यापीठाबाहेरून एखादा प्रोटोकॉल (प्रयोगाची पायरीपायरीने लिहिलेली कृती) उघडला की प्रकाशकाची साइट पैसे मागते, कारण तिला तुमचा विद्यापीठाचा आयपी पत्ता (नेटवर्कचा इंटरनेटवरचा ओळखक्रमांक) दिसत नाही. ग्रंथालयाने वर्गणी भरलेली असली तरीही.

१. ग्रंथालयाच्या साइटवरच्या डेटाबेस यादीतून ‘करंट प्रोटोकॉल्स’ किंवा ‘जोव्ह’ (प्रोटोकॉल देणारी वर्गणीची प्रकाशने) यांची लिंक उघडा आणि विद्यापीठाच्या खात्याने लॉगिन करा.
२. त्या लिंकवर राइट-क्लिक करून पत्ता कॉपी करा. बऱ्याच ग्रंथालयांच्या पत्त्यात मध्येच ‘यूआरएल=’ असे (रोमन अक्षरांत) येते. ‘यूआरएल=’सकट तिथपर्यंतचा भाग जपून ठेवा. खरी किल्ली तीच.
३. पुढे कुठलाही प्रोटोकॉल अडला की त्या भागाला जोडून प्रोटोकॉलचा पूर्ण पत्ता चिकटवा आणि एंटर दाबा. वर्गणी असेल तर पान उघडते.

पत्त्यात तसे काही नसेल तर प्रकाशकाच्या पानावर संस्थेमार्फत लॉगिन करण्याचा पर्याय शोधा. तो बहुधा कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतो, मुद्दाम लपवल्यासारखा! ‘प्रोटोकॉल्स डॉट आयओ’ या साइटवरचे सार्वजनिक प्रोटोकॉल आणि ‘स्टार प्रोटोकॉल्स’ या नियतकालिकातले प्रोटोकॉल मात्र सगळ्यांना खुले आहेत. तिथे ही खटपट नको.

एक सांभाळा: एका दमात शेकडो पीडीएफ उतरवू नका. प्रकाशक अख्ख्या विद्यापीठाचा प्रवेश बंद करू शकतो.