चावी देण्याआधी भाडेकरूची चौकशी कशी करावी

फ्लॅट दोन महिने रिकामा राहिला की मेंटेनन्स आणि कर्जाचा हप्ता दोन्ही अंगावर पडतात. मग पहिला येईल त्याला चावी द्यावीशी वाटते. मीही पुण्यात तसंच केलं होतं, एजंटच्या शब्दावर. चार महिन्यांचं भाडं बुडालं. तेव्हापासून चौकशी मी स्वतः करते.

सुरुवात फोनवरच करा. राहणार किती जण, नोकरी कुठे, आताचं घर का सोडताय? जात, धर्म, आहार विचारू नका. भाडं वेळेवर येईल की नाही, हे त्यावरून कळत नाही. घर दाखवायला मात्र राहणाऱ्या सगळ्यांना बोलवा.

मग कागदपत्रं. आधारची नुसती झेरॉक्स घेऊन फाइलला लावू नका. मूळ कार्ड बघा, त्यावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करा आणि नाव-फोटो जुळतात का ते तपासा. पगाराच्या स्लिपसोबत तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागा. भाडं हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत असावं, असा माझा हिशेब आहे.

सगळ्यात मोलाचा फोन जुन्या घरमालकाला. पण आताच्या मालकाला त्रासदायक भाडेकरू घालवायचा असेल, तर तो कौतुकच करेल. म्हणून त्याच्या आधीच्या मालकाचा नंबर मागा. “माणूस कसा आहे?” असं विचारलं की “चांगला आहे” एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा विचारा: भाडं कितव्या तारखेला यायचं? डिपॉझिटमधून काय कापलं? पुन्हा घर द्याल का? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा क्षणभर जरी थांबला, तरी खोदून विचारा.

खात्री पटली की लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता घर वापरू देण्याचा करार, करून त्याची नोंदणी करा. ती आता ऑनलाइन, घरबसल्या होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ही जबाबदारी मालकाची आहे. चुकल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदणीकृत करार नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात आणि ते खोटं ठरवायचं काम तुमच्यावर येतं. स्टॅम्पवर सही करून कपाटात ठेवलेला कागद इथे कामाचा नाही. नोंदणी असली आणि मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर कलम २४ खाली भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते.

पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही द्या. पुणे-मुंबईत ती ऑनलाइन भरता येते. पोचपावती जपून ठेवा आणि सोसायटीला एक प्रत द्या.

डिपॉझिट आणि पहिलं भाडं खात्यात जमा झाल्याशिवाय चावी देऊ नका. चावी देताना महावितरणच्या मीटरचं रीडिंग, पंखे, गीझर, नळ आणि भिंतींवरची ओल यांचे फोटो भाडेकरूसमोरच काढा आणि तिथल्या तिथे त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.