गरम झाली की बंद, गार झाली की चालू : क्रँक सेन्सरशी पडलेली गाठ

मे महिन्यात भर दुपारी खंबाटकीच्या चढावर गाडी बंद पडल्याचा फोन आला, की आमच्या शिरवळच्या गॅरेजात कुणी दचकत नाही. कूलंटचा कॅन, होजपाइपच्या क्लिपा, दोरखंड घ्यायचा आणि निघायचं. पण त्या दिवशी फोनवर जे गृहस्थ होते, कराडचे निवृत्त शिक्षक, त्यांनी तक्रार फार नेमकी सांगितली. "टेम्परेचरचा काटा मध्यावर आहे. पेट्रोल आहे. सेल्फ जोरात फिरतोय, पण गाडी स्टार्ट होत नाही. मागच्या दोन वेळांसारखी अर्ध्या तासाने आपोआप होईल बहुतेक. पण असं किती दिवस चालवायचं?"

मी तेव्हा गॅरेजात नवा होतो. आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा ट्रेड संपवून आठ-नऊ महिने झाले होते. गॅरेजातले माझे वस्ताद अण्णा, त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि सरांना सांगितलं, "आम्ही पोचेपर्यंत पुन्हा सेल्फ मारू नका, आणि बॉनेट उघडू नका." फोन ठेवून मला म्हणाले, "मल्टीमीटर घे. गाडी गार व्हायच्या आत पोचायचंय."

बॉनेट का उघडायचं नाही, हे मला वाटेत कळलं. गरम असतानाच दिसणारा बिघाड गरम असतानाच पकडावा लागतो. गाडी गॅरेजात ओढून आणली, चहा झाला, मग मीटर लावला, तर सगळं ठणठणीत दिसतं. सरांचं तसंच झालं होतं. एका ठिकाणी पेट्रोलचा पंप बदलला होता, दुसऱ्या ठिकाणी प्लग आणि कॉइल. दोन्ही वेळा गाडी नेली तेव्हा ती व्यवस्थित चालत होती, आणि चालत्या गाडीत बिघाड शोधायचा म्हणजे अंदाजाने पार्ट बदलणं आलं.

यात संशय होता तो क्रँक सेन्सरचा. तो करतो काय, ते सांगतो. क्रँकशाफ्टबरोबर फिरणारं एक दातेरी चाक असतं. पुष्कळ गाड्यांत ते ६० दात्यांच्या मापाचं असतं, पण त्यातले दोन दाते मुद्दाम ठेवलेले नसतात. म्हणजे प्रत्यक्षात ५८ दाते आणि एक मोकळी जागा. एक दाता म्हणजे ६ अंश. सेन्सरचं टोक त्या दात्यांपासून साधारण एक मिलिमीटरवर असतं आणि प्रत्येक दाता समोरून गेला की एक ठोका पाठवतं. ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांना, क्रँक सेकंदाला ५० फेऱ्या मारतो, म्हणजे सेकंदाला २९०० ठोके. ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, हे ठोके मोजत असतो. मोकळी जागा आली की त्याला कळतं, क्रँक आता या ठिकाणी आहे. त्यावरून ठिणगी कधी टाकायची आणि इंजेक्टर कधी उघडायचा, हे ठरतं. ठोके बंद झाले की ईसीएमच्या लेखी इंजिन थांबलेलं असतं. मग तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही देत नाही. कॅमशाफ्टची जागा सांगणारा कॅम सेन्सर गेला तर बऱ्याच गाड्या रडतखडत का होईना चालतात. क्रँक सेन्सर गेला की बहुतेक गाड्या जागेवर बसतात.

घाटात पोचलो तेव्हा गाडी कडेला, बॉनेट बंद. अण्णांनी आधी स्कॅनर लावला आणि सरांना सेल्फ मारायला सांगितलं. लाइव्ह डेटामध्ये आरपीएम शून्य. इंजिन डोळ्यांदेखत फिरत होतं आणि ईसीएमला ते दिसत नव्हतं. सेल्फ नीट फिरत असेल तर इथे दीडशे-दोनशेच्या पुढचा आकडा दिसायला हवा. स्कॅनर नसेल तर काही गाड्यांत डॅशबोर्डवरचा आरपीएमचा काटाही सांगतो : सेल्फ मारताना तो जरासा हलला पाहिजे. मात्र काटा न हलणं हा पुरावा नाही, कारण पुष्कळ गाड्यांत तो तेवढ्या कमी वेगाला हलतच नाही.

मग सेन्सर शोधला. जागा बहुधा तीन ठिकाणी सापडते : पुढे क्रँक पुलीजवळ, मागे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर फ्लायव्हीलशी, किंवा मध्ये ब्लॉकच्या अंगाला. या गाडीत तो मागे होता, बेलहाऊसिंगवर. एअर फिल्टरचा डबा काढला, खाली हात घातला, तेव्हा अंगठ्याएवढा काळा तुकडा आणि त्यात शिरलेल्या दोन वायरी हाताला लागल्या. नवख्या मुलाने इथे एक करावं. सेन्सर डोळ्यांनी शोधत बसण्यापेक्षा गाडीच्या मॅन्युअलमधलं चित्र बघावं आणि वायरिंग धरून मागे जावं. ऑइल प्रेशरचा स्विच किंवा नॉक सेन्सर यालाच क्रँक सेन्सर समजून काढलेला मी पाहिलाय.

दोन वायरी म्हणजे बहुधा चुंबकीय सेन्सर. आत चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. तीन वायरी असल्या तर बहुधा हॉल सेन्सर, पण तिसरी वायर नुसती शील्डची, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणाऱ्या वेष्टनाचीही असू शकते, म्हणून वायरिंगचं चित्र बघितल्याशिवाय ठरवू नये. फरक महत्त्वाचा आहे. चुंबकीय सेन्सरचं वेटोळं ओहमवर मोजता येतं. हॉल सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्याला ओहमचा मीटर लावून काही कळत नाही, उलट तो बिघडण्याची भीती. तिथे चावी ऑन करून कपलरवर (वायरिंग जोडायच्या प्लगवर) तीन गोष्टी बघायच्या : एका पिनवर ५ किंवा १२ व्होल्टचा पुरवठा येतोय का, दुसऱ्या पिनला पक्कं अर्थिंग आहे का, आणि कपलर जोडून पाठीमागून टोक लावून सेल्फ मारला तर सिग्नलच्या वायरवरचा आकडा वरखाली होतोय का.

आमचा दोन वायरींचा होता. अण्णांनी कपलर काढला, मीटर ओहमवर ठेवला आणि दोन्ही टोकं मला धरायला लावली. मीटर काही दाखवेना. ओएल. तार तुटलेली. मी टोकं पुन्हा पुन्हा दाबून बघितली, तेच. "आता थांब," अण्णा म्हणाले, "हात हलवू नको." बॉनेट उघडं ठेवून आम्ही तसेच उभे राहिलो. शेजारून ट्रक पहिल्या गिअरमध्ये चढत होते. वीसेक मिनिटांनी मीटरवर एकदम आकडा उमटला, १०३०. मग तो हळूहळू उतरत गेला. गॅरेजात आल्यावर पूर्ण गार झालेल्या त्याच सेन्सरने ८७२ दाखवले.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्या. तांब्याची तार तापली की तिचा रोध दर दहा अंशांना साधारण ४ टक्क्यांनी वाढतो. गार असताना ८७२ असलेला सेन्सर इंजिनच्या उष्णतेत एक हजाराच्या वर जाणारच, तो दोष नाही. दोष होता तार मध्येच गायब होण्याचा. वेटोळ्यात कुठेतरी चीर गेलेली, तापल्यावर ती फाकायची आणि निवल्यावर टोकं पुन्हा चिकटायची. आणखी एक मोजमाप करायचं असतं : दोन्ही पिनांपैकी एकीपासून इंजिनच्या बॉडीपर्यंत. तिथे ओएलच यायला हवं. आकडा आला तर सेन्सरची तार आतून बॉडीला टेकलीय. योग्य रोध किती, हे मात्र प्रत्येक गाडीचं वेगळं असतं. कुठे दोनशेच्या आसपास, कुठे हजाराच्या. कुणाच्या तोंडून ऐकलेला आकडा धरू नका, त्या गाडीच्या मॅन्युअलमधला धरा.

ओहम बरोबर आले म्हणून सेन्सर चांगला, असंही नाही. मीटर एसी व्होल्टवर ठेवून, कपलर काढलेल्या अवस्थेत दोन पिनांवर लावून सेल्फ मारायचा. चुंबकीय सेन्सर स्वतःच वीज तयार करतो, त्यामुळे इथे व्होल्टेज दिसलं पाहिजे, सेल्फच्या वेगाला साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा जास्त. हे व्होल्टेज वेगावर चालतं. बॅटरी मेलेली असेल आणि सेल्फ रटाळ फिरत असेल तर चांगला सेन्सरही कमी दाखवेल. म्हणून सेन्सरला हात लावायच्या आधी बॅटरी बघा : उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, आणि सेल्फ मारताना दहाच्या फार खाली नको. सेल्फ मारताना गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि मीटरच्या वायरी, बाह्या, हात बेल्ट आणि पंख्यापासून लांब.

सरांच्या गाडीत सेन्सरच गेलेला निघाला. पण त्याच्या चार महिने आधी मी याच कामात एका गिऱ्हाइकाचं नुकसान केलं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय हा अनुभव पुरा होत नाही. एक गाडी चालता चालता बंद पडायची. स्कॅनरने कोड दिला, पी०३३५. यादीत त्याच्यापुढे क्रँक सेन्सर असं वाचलं आणि मी काहीही न मोजता नवा सेन्सर मागवून बसवला. कोड पुसला, गाडी दिली. दोन दिवसांत ती टोचन करून परत आली. अण्णांनी मला काही न बोलता वायरिंगवरची टेप सोडवायला बसवलं. बॅटरीच्या ट्रेखालून जाणारी वायर एका पत्र्याच्या ब्रॅकेटवर घासून सोलली होती. आतलं तांबं हिरवं पडलेलं. खड्ड्यात गाडी आदळली की ते पत्र्याला टेकायचं. तेव्हा अण्णा म्हणाले, "कोड सेन्सरचा नसतो, सर्किटचा असतो. सेन्सर, दोन वायरी, दोन कपलर आणि ईसीएम, एवढं सगळं त्या कोडमध्ये येतं."

तेव्हापासून माझा क्रम ठरला. कपलर उघडून बघायचा : आत तेल आहे का, पिन हिरवी किंवा वाकलेली आहे का. मग बॅटरी सोडून ईसीएमचा कपलर काढायचा आणि सेन्सरच्या कपलरपासून तिथपर्यंत प्रत्येक वायरची कंटिन्युइटी, म्हणजे ती मध्ये कुठे तुटलेली नाही ना, हे बघायचं. बघताना वायरिंग हलवत राहायचं, कारण तुटकी वायर शांत पडलेली असताना बरोबर वाचन देते. आमच्या भागात ऊस तुटला की उंदीर गाड्यांत शिरतात, तेव्हा कुरतडलेली वायरही बघायची. जोड द्यावा लागला तर सोल्डर करून द्यायचा, वायरींचा पीळ आणि शील्ड जसं होतं तसं ठेवायचं, आणि दोन वायरी एकमेकींत बदलू द्यायच्या नाहीत. चुंबकीय सेन्सरच्या वायरी उलट्या लागल्या तर सिग्नल उलटा होतो आणि ईसीएमला ती मोकळी जागा नीट सापडत नाही. नवा सेन्सर, नवी वायर, आणि तरीही गाडी फटफटतेय, असं झालं तर आधी इथे बघा.

बदलण्याचं काम तसं छोटं. इंजिन गार होऊ द्यायचं, बॅटरीची निगेटिव्ह सोडायची. खालून काम असेल तर गाडी जॅकस्टँडवर घ्यायची, नुसत्या जॅकवर कधीच नाही. दहाच्या गोटीने एक बोल्ट काढायचा. खरी परीक्षा सेन्सर बाहेर काढताना. वर्षानुवर्षं उष्णतेत बसलेलं प्लास्टिक भोकात धरलेलं असतं. पान्याने उचकटलं तर डोकं हातात येतं आणि टोक आत राहतं, आणि मग दहा मिनिटांच्या कामाला दिवस लागतो. गंज सोडवणारं तेल मारून थांबायचं, मग सेन्सर हाताने डावीउजवीकडे किंचित फिरवत सैल करायचा आणि फिरवतच वर घ्यायचा.

सरांचा सेन्सर बाहेर आला तेव्हा टोकावर लोखंडाचा बारीक कीस केसाळ अळीसारखा उभा होता. चुंबक आहे, तो कीस ओढणारच. थोडा असेल तर चालतं. पण जाड कण दिसले तर दातेरी चाक बघायलाच हवं. भोकातून टॉर्च मारून, क्रँक हाताने पुलीच्या बोल्टवर फिरवून एकेक दाता बघितला. सगळे धड होते. भोक पुसून घेतलं, नव्या सेन्सरच्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावलं आणि तो हातानेच पूर्ण बसवला. बोल्टने ओढून बसवायचा नाही, कान तुटतो. बोल्टही छोटाच असतो, ८ ते १० न्यूटन मीटर पुरे. गॅप ॲडजस्ट करायची सोय असेल तर मॅन्युअलमधल्या मापाचा फीलर गेज वापरायचा. नसेल तर सेन्सर बुडापर्यंत टेकलाय की नाही, एवढंच बघायचं. वायर सायलेन्सरच्या पाइपपासून लांब, मूळच्या क्लिपांतूनच न्यायची. काही गाड्यांत नवा सेन्सर स्कॅनरने शिकवावाही लागतो, नाहीतर गाडी चालते पण मिसफायरचा लाइट येत राहतो.

कोड पुसला, आरपीएम दिसला, गाडी एका झटक्यात स्टार्ट झाली. पण गार गाडी आधीही स्टार्ट होतच होती. म्हणून अण्णांनी सरांना शेजारी बसवलं, मला मागे, आणि एसी लावून गाडी पुन्हा खंबाटकीला घातली. चढ संपल्यावर कडेला घेऊन बंद केली, बॉनेट झाकलेलंच ठेवून दहा मिनिटं थांबलो आणि सेल्फ मारला. लागली. तसं तीनदा केलं. मग पुढे जाऊन वळलो आणि बोगद्याने परत आलो.

बिल करताना सरांनी जुना सेन्सर मागून घेतला. हातात उलटसुलट करून म्हणाले, "दिसायला तर काहीच झालेलं नाही याला." मी शेजारच्या सलूनमधून केस वाळवायचा ड्रायर आणला, सेन्सर टेबलावर ठेवला आणि मीटर त्यांच्याकडे फिरवला. ८७०. ड्रायर चालू केला. ९२०, ९८०, १०४०, आणि आकडा नाहीसा झाला. ड्रायर बंद करून आम्ही दोघं मीटरकडे बघत बसलो. थोड्या वेळाने आकडा परत आला. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पुन्हा एकदा कर बरं."