स्टॉपवॉच पिंजऱ्याला हात लागला की सुरू

रॅटच्या मेंदूत पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) सोडून ताण आणि भूक मोजायला लागलेल्यांसाठी हे. ताण आला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएफ हे पेप्टाइड, त्यामुळे पिट्युटरी ग्रंथीतून एसीटीएच हे हार्मोन, मग ॲड्रिनल ग्रंथीतून कॉर्टिकोस्टेरोन हे ताणाचं हार्मोन, एवढं तुम्हाला पाठ असणारच. सीआरएफ मेंदूच्या व्हेंट्रिकलमध्ये (द्रवाने भरलेल्या पोकळीत) सोडला की रॅट कमी खातो आणि एनपीवाय (दुसरं एक पेप्टाइड) सोडला की पोट भरलेलं असूनही खातो, हेही वाचलेलं असेल. नवीन माणूस अडकतो तो पिंजरा उघडताना.

रॅटला डिवचल्यापासून साधारण तीन मिनिटांनी रक्तातलं कॉर्टिकोस्टेरोन चढू लागतं आणि अर्ध्या तासाच्या आसपास शिखर गाठतं. म्हणजे घड्याळ सुई टोचल्यावर लावायचं नाही, पिंजऱ्याला हात लागला की लावायचं. एका पिंजऱ्यात चार रॅट असतील तर पहिल्याचं रक्त बेसलाइन, म्हणजे डिवचण्याआधीची पातळी. चौथ्याच्या रक्तात तुमची धडपड मोजली जाते. तीन मिनिटं उलटली? वेळ वहीत लिहा आणि तो नमुना बेसलाइनमधून काढा. जीव तुटतो, पण काढा. आणि कंट्रोल (नुसतं सलाइन दिलेले) सगळे सकाळी, पेप्टाइडवाले दुपारनंतर, असं चुकूनही करू नका. रॅट निशाचर, दिवे जायच्या सुमारास त्याचं कॉर्टिकोस्टेरोन आपोआपच वर असतं. आलेख देखणा येईल, फक्त तो घड्याळाचा असेल.

हीच गोष्ट भुकेला लागू. धरण्याच्या भीतीने सलाइनवालेही कमी खातात, मग दोन गटांत फरक दिसणार कुठून? किमान आठवडाभर रोज हाताळा आणि इंजेक्शनची खोटी तालीम करा. ‘दोन दिवस पुरतात’ म्हणणाऱ्या सीनियरपेक्षा ॲनिमल हाउसमधल्या मामांचं ऐका, कोणता रॅट बिथरलाय हे ते लांबून सांगतात.

कॅन्युला (मेंदूत बसवलेली बारीक नळी) जागेवर आहे का, हे तहान लावणाऱ्या अँजिओटेन्सिन-२ ने तपासा. १०० नॅनोग्रॅम आत गेल्यावर काही मिनिटांत रॅट घटाघटा पाणी प्यायला हवा. नाही प्यायला तर बाद. असे बाद होतातच, घाबरू नका. नैतिकता समितीकडे प्राण्यांचा आकडा मागतानाच ते धरा. इंजेक्शन ५ मायक्रोलिटर, मिनिटभर हळूहळू, आणि सुई आणखी मिनिटभर आतच ठेवा, नाहीतर द्रव उलटा वर येतो.

बाटलीवरचं १ मिलिग्रॅम म्हणजे सगळं पेप्टाइड नव्हे, त्यात क्षार आणि पाणीही असतं. सर्टिफिकेटवरचा ‘नेट पेप्टाइड’ आकडा घेऊन डोस काढा. शुद्धतेची टक्केवारी वेगळी, ती इथे चालत नाही. विरळ द्रावण प्लास्टिकला चिकटतं, म्हणून लो-बाइंडिंग ट्यूब घ्या, छोटे भाग करून गोठवा आणि एकदा वितळलेलं परत गोठवू नका. एलायझा (हार्मोन मोजायची चाचणी) किट कॉर्टिसोलचं मागवू नका, रॅटमध्ये मुख्य हार्मोन कॉर्टिकोस्टेरोन. एसीटीएचही मोजायचं असेल तर ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूब, बर्फ आणि लगेच थंड सेंट्रिफ्यूज.

खाणं मोजताना जाळीखाली सांडलेला चुराही तोला. आणि सीआरएफ दिलेला रॅट खात नसेल तर तो काय करतोय ते बघा. अंग चाटत बसला असेल किंवा सैरावैरा फिरत असेल, तर नुसत्या ग्रॅमच्या आकड्यावरून ‘भूक कमी झाली’ असं लिहिता येत नाही.