आवडलेल्या लेखनाला आणि चित्राला दाद कशी द्यावी

फेसबुकवर कथा आवडली की आपण अंगठा दाबतो आणि पुढे सरकतो. लिहिणाऱ्याच्या पदरात त्यातून फारसं काही पडत नाही. दाद खरोखर पोचवायची तर आधी नाव, मग शब्द, मग पैसे, असा क्रम धरा.

१. मूळ धनी शोधा. व्हॉट्सॲपवर कविता येतात त्या ‘कवी अज्ञात’ म्हणून, नाहीतर कुणा दिवंगत थोर साहित्यिकाच्या नावावर खपवलेल्या. कवितेतली एखादी वेगळी ओळ अवतरणचिन्हांत घालून गुगलवर शोधा. चित्र असेल तर गुगल लेन्स वापरा. तीच गोष्ट पाच ठिकाणी सापडली तर सर्वांत जुनी पोस्ट बघा. चित्राची कडा कापलेली नाही ना, हेही पाहा; सही बहुधा तिथेच असते.

२. नावासकट पुढे पाठवा. स्क्रीनशॉट नको, लिंक पाठवा. खासगी गटातली लिंक बाहेरच्यांना उघडत नाही. तेव्हा लेखकाला विचारून मजकूर घ्या आणि नाव सगळ्यात वर लिहा. तळाशी लिहिलेलं नाव दुसऱ्या-तिसऱ्या फॉरवर्डला गळतंच. इन्स्टाग्रामवर तर चित्र मित्राला मेसेजने पाठवणं हीच मोठी मदत: पोस्ट नव्या लोकांपर्यंत पोचायला लाइकपेक्षा असं पाठवणं जास्त उपयोगी पडतं, असं त्यांचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनीच सांगितलंय.

मंडळाच्या स्मरणिकेत कविता छापायचीय? परवानगी घ्या आणि मानधन आपणहून विचारा. नेटवर दिसतं म्हणून ते फुकट होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क विकल्यावरही निर्मात्याचा नावावरचा दावा राहतो.

३. नेमकं काय आवडलं ते लिहा. ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’ हे शब्द आता गुळगुळीत झालेत. कुठल्या ओळीपाशी थांबलात, चित्रातली कुठली सावली आवडली, ते दोन वाक्यांत सांगा.

४. पैसे जवळच्या वाटेने द्या. यूट्यूबवर व्हिडिओखालून पैसे द्यायची सोय आहे, सुपर थँक्स; त्यातला ३० टक्के वाटा यूट्यूब ठेवून घेतं. फेसबुकवर आपण विकत घेऊन निर्मात्याला देतो त्या एका ‘स्टार’मागे त्याला एक अमेरिकी सेंट मिळतो, आपण मात्र स्टार घेताना त्याहून जास्त मोजतो. यूपीआयने व्यक्तीला थेट पाठवलेले १०० रुपये १०० च पोचतात. फक्त क्यूआर कोड त्या व्यक्तीच्या स्वतःच्या प्रोफाइलवरूनच घ्या आणि पिन टाकण्याआधी पडद्यावरचं नाव वाचा. चोरलेल्या चित्राखाली स्वतःचा कोड चिकटवणारे महाभाग आहेत.

नुसते पैसे द्यायला संकोच वाटतो? मग पुस्तक मागवा, प्रिंट विकत घ्या, घराची पाटी किंवा लग्नपत्रिका त्यांच्याकडून करून घ्या. आगाऊ रक्कम द्या. ‘तुमचं नाव होईल’ हा मोबदला नव्हे.

५. गटाचे ॲडमिन असाल तर स्पर्धेचा निकाल लाइक्सवर लावू नका. ज्याचा मामे-मावसभावंडांचा गोतावळा मोठा, तोच जिंकतो. दोन-तीन जाणकार वाचकांना परीक्षक करा, त्यांच्याकडे नावं झाकून साहित्य द्या आणि निवडीचं कारण चार ओळींत जाहीर करा. बक्षिसासाठी वर्गणी काढली तर हिशेब गटातच टाका, रक्कम निकालाच्या दिवशीच पाठवा. फक्त डिजिटल प्रमाणपत्रच देणार असाल, तर ते स्पर्धेच्या आवाहनातच स्पष्ट लिहा.